गोऱ्याने केलेली चेष्टा

माझ्या सासरी, कुंडलला, आम्ही जे अमेरिकन पिक्चर पाहिले ते आमच्यापर्यंत दोनदा भाषा बदलून पोचायचे. तिकडचा गोरा इंग्रजीत बोलायचा. मुंबईत बसलेला कुणीतरी त्याच्या तोंडात हिंदी घालायचा. आणि आमच्या पुढच्या सोप्यात लाकडी खुर्चीवर बसलेले माझे सासरे त्या हिंदीचं मराठी करून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेल्या सासूबाईंना ऐकवायचे. या प्रवासात त्या बिचाऱ्या गोऱ्याचं काय व्हायचं हे त्याला कळलं असतं, तर त्याने पिक्चर सोडून भाजीचं दुकान टाकलं असतं.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची. मी सांगलीची. हिंदी घेऊन बी. ए. झालेली, आणि त्याचा वाजवीपेक्षा जास्त ताठा असलेली. कुणी 'मेरे को' म्हटलं की माझ्या कपाळावर आठी उठायची. 'हिच्या जिभेला हाड नाही, पण व्याकरण आहे' असं माझी आई म्हणायची. अशा मुलीला कुंडलला ऊसवाल्या घरात दिली. नवरा कराडला एका वर्कशॉपमध्ये कामाला. तो शनिवारी संध्याकाळी यायचा, रविवारभर झोपायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. उरलेल्या आठवड्यात घरात आम्ही तिघंच. मी, फौजेतून हवालदार होऊन परतलेले मामंजी, आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई.

त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याला कारण माझं लग्न.

लग्नानंतर आठ दिवसांनी माझ्या आईवडलांना व्याहीभोजनाला बोलावलं होतं. आत्याबाई पहाटे चारला उठल्या होत्या. पुरण शिजवलं, वाटलं, चाळीस-पन्नास पोळ्या एकटीने लाटल्या. मला हात लावू दिला नाही, नवी सून म्हणून. पंगत बसली, वाढप झालं, माझ्या वडलांनी पहिला घास तोंडात घातला. खरं सांगायचं तर पोळ्या थोड्या चिवट झाल्या होत्या. पण ते बोलून दाखवायची काही गरज नव्हती. मामंजींना तेवढ्यात गमतीची उबळ आली.

"व्याही, दमानं चावा," ते म्हणाले. "आमी ह्याच पोळ्या फौजेत न्यायचो. वाळूची पोती कमी पडली, की मोर्च्यावर ह्याच रचायच्या. गोळी आरपार जाईत न्हाई."

सगळी पंगत हसली. वडलांना हसता हसता ठसका लागला. माझा भाऊ हसला, गावातली चार माणसं हसली, आणि मीही हसले. पदर तोंडावर धरून हसले, पण हसले. आत्याबाई तुपाची वाटी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती वाटी खाली ठेवली आणि आत गेल्या. त्या दिवसापासून मामंजींशी त्यांचा अबोला सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी त्यांच्यापुरती तडजोड केली. ते परसात जाऊन मोठ्याने म्हणाले, "आगं, गंमत केली. तुला गंमत बी कळंना व्हय?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माझ्याशी बोलल्या. "सूनबाई, तुझ्या मामंजींस्नी सांग, ती गंमत न्हवती. चेष्टा हुती. माझी चेष्टा केली, व्याह्यांफुडं केली, ह्ये कबूल करा म्हणावं. मग बोलंन."

"चेष्टा न्हाई," मामंजी मला म्हणाले, त्या तीन हातांवर उभ्या असताना. "गंमत. तुमच्या आत्याबाईंस्नी सांगा."

भांडण एवढंच होतं. गंमत की चेष्टा. आता गमतीत दोघंही हसतात आणि चेष्टेत एकाला हसतात, हा फरक काही मामंजींना कळत नव्हता असं नाही. पण फौजेतला माणूस. एकदा मोर्चा धरला की सोडायचा नाही, मग तो उकिरड्यावर का असेना. आत्याबाईही त्याच मातीतल्या. एक शब्द हवा होता त्यांना, आणि त्यापेक्षा कमी काही त्या घेणार नव्हत्या.

मग मधल्या मध्ये मी पोस्टमन झाले. "सूनबाई, सांग तुझ्या मामंजींस्नी, पाणी काढलंय." "सूनबाई, तुमच्या आत्याबाईंस्नी सांगा, साबण कुठाय?" दोघं एका खोलीत, एकमेकांना नीट ऐकू येतंय, तरी मी मध्ये उभं राहून तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. नाही म्हटलं तर दोघंही वाट बघत थांबायचे. एकदा मी चिडून गप्प राहिले, तर मामंजी अंगाला साबण लावून पाऊण तास मोरीत बसले, कारण गरम पाणी संपलंय हे आत्याबाईंना कुणी 'सांगितलं' नव्हतं. नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणायचा, "मला त्यात ओढू नको." त्याच्या झोपेचा मला मनापासून राग यायचा.

पावसाळा संपता संपता मला दिवस गेल्याचं कळलं. मग मी हिशोब केला. सातव्या महिन्यात ओटभरण होणार, त्याला सांगलीहून आईवडील येणार, आणि मला बाळंतपणाला घेऊन जाणार. मी सांगलीला गेले की या दोघांचं काय? भूक लागली हे कोण सांगणार, दुखतंय हे कोण सांगणार? मला खरोखर काळजी वाटायला लागली. जेवढी त्यांच्यावर चिडायचे, तेवढाच त्यांच्यासाठी जीव तुटायचा. शिवाय आणखी एक होतं. मी हसले होते. आत्याबाईंनी ते पाहिलं होतं आणि त्याबद्दल मला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. ते मला जास्त टोचायचं.

मला पाचवा लागला, त्या सुमाराला गावात केबल आली. केबलवाल्याने शाळेमागच्या घरावर छत्री लावली आणि लिंबाच्या झाडावरून, दुधाच्या डेअरीवरून वायरी ओढत ओढत आमच्यापर्यंत आणली. माझ्या मामाने लग्नात दिलेला रंगीत टीव्ही होताच. केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर तो दुपारी आपल्या यंत्रात कॅसेट घालून पिक्चर दाखवायचा. आधी पडद्यावर हाताने लिहिलेला कागद यायचा, 'आज दुपारी विनोदी इंग्रजी पिक्चर हिंदीत. सहकुटुंब बघण्यासारखा.'

सहकुटुंब म्हणजे काय, तर पिक्चरमधले बाई-पुरुष एकमेकांच्या फार जवळ आले की केबलवाला ते पळवायचा. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या बायकांनी पाहिलेल्या अमेरिकेत नवरा-बायको सावकाश चालत एकमेकांकडे यायचे आणि मग अचानक लगीनघाई झाल्यासारखे घरभर धावत सुटायचे. "त्यास्नी लय कामं असत्यात," असा त्यावर शेजारणीचा निकाल होता.

मी पहिल्यांदा ते पिक्चर ऐकले तेव्हा कानांत बोटं घालायची बाकी होती. गोरा गलेलठ्ठ पोलीस 'ए शाणे, किधर कू चला?' म्हणतोय. पांढऱ्या केसांची मड्डम जिन्यावरून घसरताना 'हाय राम, कमरिया गई' म्हणतेय. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात विलायती कुत्रा, आणि मालक त्याला हाक मारतोय, 'मोती!' भांड्यात स्पष्ट दिसतंय काहीतरी पावासारखं, आणि सगळे म्हणतायत, 'वाह, क्या पराठा है!' हिंदीत बी. ए. झालेल्या बाईने हे का सोसावं?

पण चौथ्या की पाचव्या दुपारी मी शेंगा फोडता फोडता अशी हसले की पोटातल्या बाळाने लाथ मारली. आणि मग मला कळलं की आपल्याला हे का आवडतंय. सांगलीला कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी एकदा खरा इंग्रजी पिक्चर बघायला गेलो होतो. पूर्ण वेळ पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे ताठ बसलो होतो. बाकीचे हसले की हसायचं, तेही अर्धा क्षण उशिरा, आणि आजूबाजूला बघायचं की कुणाला कळलं तर नाही ना. इंग्रजी बोलणारा माणूस पडला, तरी तो आपल्यापेक्षा शहाणा असतानाच पडतो. तोच माणूस हिंदीत 'अबे मर गया रे' म्हणत पडला, की तो आपल्या गल्लीतला होतो. त्याला नावं ठेवता येतात. आत्याबाईंसारखं त्याला उंबऱ्यातून ओरडता येतं, "आरं बाबा, मागं शिडी हाय, शिडी!"

आणि दुसरी मजा ओठांची. ओठ एक बोलतायत, आवाज दुसरंच बोलतोय. गोऱ्याचं तोंड मिटलं तरी आतून दोन शब्द यायचेच, आणि कधी तोंड बराच वेळ हलायचं आणि आवाज म्हणायचा, 'हाँ.' त्या फटीत कुणालाही काहीही घालता येत होतं. मामंजींनी ते माझ्याआधी ओळखलं.

आत्याबाईंना हिंदी कळायची नाही. त्या समोर बसायच्याही नाहीत, कारण समोर मामंजींची खुर्ची. त्या उंबऱ्यात पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडायच्या आणि मान थोडी वळवून बघायच्या, ऐकायच्या. सुरुवातीला मामंजी प्रामाणिकपणे भाषांतर करायचे. कुणाला उद्देशून नाही, भिंतीला. "त्यो म्हणतोय, गाडी चोरीला गेली." "ती म्हणतीया, तू गाढाव हायस." आठ-दहा दिवस असे गेले. मग एका दुपारी पडद्यावरची बाई नवऱ्याला म्हणाली, 'मैं पार्टी में नहीं जाऊँगी,' आणि मामंजी शांतपणे म्हणाले,

"ती म्हणतीया, सकाळी च्यात साखर कमी पडली, तर दुसऱ्यांदा इचारायला पायजे हुतं."

मी चमकून बघितलं. मामंजींचा चेहरा गार्डड्युटीवर असल्यासारखा. उंबऱ्यातला तांदळाचा आवाज थांबला. मग आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, त्या मड्डमला सांग, डबा फळीवर हाय. हातपाय धड हाईत न्हवं?"

आता मी टीव्हीला कसं सांगणार? पण सांगितलं. पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "डबा फळीवर आहे." आणि मामंजी मान हलवून म्हणाले, "ती म्हणतीया, बरं."

त्यानंतर रोज दुपारी आमच्या घरात दोन पिक्चर चालायचे. एक पडद्यावर, एक खाली. बँक लुटायला आलेले चोर आमच्याकडे गुडघेदुखीच्या तेलाबद्दल बोलत. कोर्टातला न्यायाधीश निकाल देई की गव्हात किडे झालेत, ऊन द्यावं. एकदा एक गोरा नवरा आपल्या सासूच्या डोक्यावर चुकून केक पाडतो, तर मामंजींनी त्याच्या तोंडी घातलं, "पोरीला सातवा लागंल, व्याही येतील. काय रांधायचं, त्याचा इचार केलाय का?"

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "सूनबाई, त्याला सांग, पिठलं-भाकरी करीन. पोळ्या गोळीबाराला लागत्यात म्हणं. खायाला कशाला करू?"

हे मात्र मी टीव्हीला सांगितलं नाही. कारण त्या हसत नव्हत्या. ओटभरणाला पुरणपोळी नाही, व्याह्यांना पिठलं वाढणार, म्हणजे अख्ख्या गावाला कळणार की हवालदाराच्या घरात काहीतरी बिनसलंय. माझ्या आईचा तर डोळ्याला डोळा लागला नसता. मी त्या रात्री मामंजींना सांगून पाहिलं, "म्हणून टाका ना एकदा, चेष्टा केली म्हणून. काय जातं?"

"सूनबाई," ते म्हणाले, "म्हणायला काय न्हाई. तोंडातनं निघंना झालंय." एवढं बोलून ते विजेरी घेऊन उगाच उसाकडे निघून गेले. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची दया आली. गंमत हा शब्द त्यांच्या गळ्यात अडकून बसला होता आणि त्याच्यामागे दुसरा शब्द तटला होता.

ओटभरणाला सात दिवस उरले होते, तो रविवार. नवरा आत घोरत होता. केबलवाल्याने कागद लावला, आणि पिक्चर सुरू झाला. एक टकला, चष्मेवाला प्राध्यापक. बायको चार दिवस गावाला गेलीय, आणि ती यायच्या आत त्याला तिच्यासाठी घर रंगवून ठेवायचंय. झालं. रंगाचा डबा पियानोत पडतो, शिडी खिडकीतून बाहेर जाते, शेजारी मदतीला येतो तो छतातून खाली येतो. मोरीचा पाइप फुटतो आणि दोघं सोफ्यावर बसून वल्हं मारतात. डबिंगवाल्यांनी यात एक खोडी केली होती. शेजारी, पोलीस, प्लंबर सगळे मुंबईच्या टपोरी भाषेत, आणि हा एकटा प्राध्यापक शुद्ध हिंदीत. पाय अडकून पडतानासुद्धा म्हणायचा, 'हे ईश्वर, यह कैसी विपत्ति!' माझे तर कान तृप्त झाले. मामंजीही त्या दिवशी फारसं काही घुसडत नव्हते. सरळ भाषांतर चाललं होतं, कारण त्या गोऱ्याचे हाल बघून त्यांनाच हसू आवरत नव्हतं. आत्याबाई उंबरा सोडून दोन हात पुढे सरकल्या होत्या. पदरात शेंगा तशाच.

शेवटी बायको येते. घराची ती अवस्था बघते, काही बोलत नाही, पुन्हा बॅग उचलते आणि गाडीत जाऊन बसते. आमच्या सोप्यात कुणी हसलं नाही. प्राध्यापक भिजलेला, अर्धा निळा, अर्धा पिवळा, गाडीच्या काचेपाशी जाऊन उभा राहतो. डोक्यावरून रंग ओघळतोय. आणि तो म्हणतो,

'मैंने चेष्टा की। बहुत चेष्टा की। मुझे क्षमा कर दो।'

मामंजींनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

आता हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी प्रयत्न केला, खूप प्रयत्न केला, असं तो म्हणत होता. हे मला माहीत होतं, परीक्षेत यावर मला दोन मार्क मिळाले होते. कुंडलात हे माहीत असणारी त्या क्षणी मी एकटीच, असं मला वाटलं. मामंजींची हिंदी बराकीतली. 'कोशिश', 'फटाफट', 'जल्दी मारो' अशी. हा पुस्तकी शब्द त्यांच्या गावी असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

"सूनबाई, थांबा म्हणावं," आत्याबाई म्हणाल्या. "ह्ये सांगू नगा म्हणावं. ह्ये मला कळलं."

त्या पडद्याकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा हिंदी त्यांना मध्ये कुणी न घेता समजली होती. "चेष्टा केली म्हणतोय त्यो. लय चेष्टा केली. माफी मागतोय बायकूची. एवढा शिकलेला, गोरा, आन उघड्यावर उभा राहून मागतोय."

माझ्या जिभेच्या टोकावर दुरुस्ती येऊन उभी राहिली. मेरे को म्हणणाऱ्या वाण्यालासुद्धा मी सोडत नसे. मी ओठ दातांखाली धरले. एवढ्या जोरात धरले की दुखले.

मामंजी अजून पडद्याकडेच बघत होते. मग ते म्हणाले, "व्हय. चेष्टा केली, म्हणतोय. चुकलं, म्हणतोय. तुज्या हातचं जेवायला लोकं बोलवायची आन तुजाच पाणउतारा करायचा, ह्ये शोभत न्हाई, म्हणतोय."

गोऱ्याचे ओठ केव्हाच मिटले होते. त्याची बायको गाडीचं दार उघडत होती. हे एवढं लांबलचक कोण बोललं, हे बघायला पडद्यावर कुणी शिल्लक नव्हतं.

आत्याबाई उठल्या. शेंगा फरशीवर सांडल्या. त्या मामंजींच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, टीव्ही झाकून.

"आवं," त्या म्हणाल्या.

नऊ महिन्यांत त्या घरात तो शब्द उच्चारला गेला नव्हता.

"आवं, ह्ये कोण म्हणतोय? त्यो का तुमी?"

मामंजींनी खुर्चीचे हात धरले. उठावं की बसावं ते कळेना. "दोघं बी," ते म्हणाले.

मग आत्याबाईंनी मान माझ्याकडे वळवली. "आन तू? तू बी हसली हुतीस. पदर धरून."

"चुकलं, आत्याबाई," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले. सातवा महिना, त्यात नऊ महिन्यांची टपाल वाहतूक. मला थांबताच येईना. त्या आवाजाने नवरा उठून बाहेर आला, बायको रडतेय, आई टीव्हीपुढे उभी, बाप खुर्चीला चिकटलेला, हे बघून म्हणाला, "मला त्यात ओढू नका," आणि परत जाऊन झोपला. तेव्हा मात्र आम्ही तिघंही हसलो.

ओटभरणाला पुरणपोळ्या झाल्या. मामंजींनी स्वतः पाट्यावर पुरण वाटलं. बायकांच्या कामात फौज घुसली म्हणून शेजारीण बघायला आली होती. पंगतीत माझ्या वडलांनी पोळीचा घास घेतला आणि सवयीने मामंजींकडे बघितलं, आता काहीतरी विनोद येणार म्हणून. मामंजींच्या चेहऱ्यावर तो विनोद येऊन गेलेला मी पाहिला. आत्याबाई तुपाची वाटी घेऊन उभ्याच होत्या. मामंजी म्हणाले, "मऊ झाल्यात," आणि ताट पुढे केलं. त्या दिवशी त्यांना तूप जरा जास्तच मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी निर्धास्त मनाने सांगलीला गेले.

त्या चुकलेल्या अर्थाबद्दल मी कुणाला बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. पण मनात मला भारी अभिमान होता. या दोघांचा संसार एका चुकीच्या शब्दार्थावर उभा आहे आणि ती चूक मी एकटीने, जीभ चावून, सांभाळून ठेवली आहे, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत राहिले. आत्याबाई कधीमधी शेजारणीला सांगायच्या, "गोऱ्यास्नी चेष्टा केल्याची लाज असती, बाई," आणि मी भांडी घासत गालात हसायचे.

मुलगी झाली, मोठी झाली, सहावीत गेली. एका संध्याकाळी चुलीपाशी बसून ती हिंदीचे शब्दार्थ मोठ्याने पाठ करत होती. आत्याबाई भाकरी थापत होत्या, मामंजी जेवत होते. मी कांदा चिरत होते, नाहीतर वेळीच तिच्या तोंडावर हात ठेवला असता.

"चेष्टा, प्रयत्न," मुलगी म्हणाली. "चेष्टा, प्रयत्न. चेष्टा, प्रयत्न."

आत्याबाईंचा हात पिठावर थांबला. "काय म्हणालीस?"

"अगं आज्जी, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न करणं. आपली चेष्टा वेगळी."

माझ्या हातातला कांदा विळीवर तसाच राहिला. मी मान वर केलीच नाही. तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला.

"आवं," आत्याबाई सावकाश म्हणाल्या. "तुमास्नी ह्ये म्हाईत हुतं?"

मामंजींनी घास गिळला. पाणी प्यायले. "सुभेदार उत्तरेकडचा हुता आमचा," ते म्हणाले. "दोराला लटकून हात सुटाय लागलं, की खालनं वरडायचा, चेष्टा करो, जवान, चेष्टा करो. पयल्या दिशी आमी सगळी मराठी पोरं दोरावरच हसाय लागलो, आन सगळी खाली पडलो. त्यो शब्द इसरंन व्हय?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या रविवारी, त्या खुर्चीत, त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं मी जी चूक सांभाळत होते, ती चूक नव्हतीच. माझ्या बी. ए.चं काय करावं, ते मला सुचेना.

"मग त्यो गोरा चेष्टा केल्याची माफी मागतच न्हवता?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्यो न्हवता मागत," मामंजी म्हणाले. "मी मागत हुतो."

मुलगी पुस्तकातून डोकं वर काढून दोघांकडे बघत राहिली. आत्याबाईंनी करपलेली भाकरी बाजूला टाकली, नवी थापली, तव्यावर घातली, पाणी फिरवलं, उलटली. ती टम्म फुगली. मग त्या मामंजींपासून हातभर अंतरावर बसलेल्या असताना माझ्याकडे वळल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली खोडी होती.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "सांग तुझ्या मामंजींस्नी, भाकरी गरम हाय, ताट फुडं करा म्हणावं."

मी सांगितलं.